यतीम आणि त्याची आई

'यतीम' आणि 'अनाथ' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. शाळेच्या दाखल्यावर, सरकारी अर्जावर, चंद्याच्या पावतीवर, सगळीकडे एकाच्या जागी दुसरा चालतो. वास्तविक हे शब्द एक नव्हेत. अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही, वाली नाही. अरबी भाषेत यतीम म्हणजे वयात येण्यापूर्वी ज्याचे वडील वारले ते मूल. त्याची आई हयात असू शकते, आणि बहुधा असतेच. नानी असते, मामू असतो, चाचा असतो. म्हणजे शरीअतच्या भाषेत ज्याला यतीम म्हटले आहे त्याचे घर मोडलेले असतेच असे नाही. त्या घराची कमाई थांबलेली असते. यतीमचे भाषांतर 'अनाथ' असे केले की त्या भाषांतरात त्याची आई नाहीशी होते.

मृत्यूने किंवा गरिबीने खचलेल्या कुटुंबाला हात देऊन मूल त्याच्याच घरी राखणे ही एक रीत आहे. मुलाला तेथून उचलून संस्थेत ठेवणे ही दुसरी. आपल्या समाजात दोन्ही आहेत. पहिली फार जुनी, दुसरी त्या मानाने अलीकडची. आणि आज आपण सवाबाचे काम म्हणून जास्त करून दुसरीकडेच पाहतो. असे का झाले, याचा थोडा मागोवा घ्यावा म्हणून हा लेख.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्यांच्या जन्मापूर्वीच वडील अब्दुल्लाह वारले. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले, आणि मग चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढविले. आई गेली तरी मूल कुळातच राहिले. अबू तालिब हे मोठ्या कुटुंबाचे व बेताच्या मिळकतीचे गृहस्थ होते. याच अबू तालिब यांच्याविषयीचा पुढचा प्रसंग सीरतच्या जुन्या ग्रंथांत येतो, पण आपल्या वाज-मजलिशीत तो क्वचितच सांगितला जातो. मक्केत टंचाईचे वर्ष आले. अबू तालिब यांना मुलांचा सांभाळ जड जाऊ लागला. तेव्हा प्रेषितांनी आपले दुसरे चुलते अब्बास यांच्याशी विचार केला आणि दोघे मिळून अबू तालिब यांच्याकडे गेले. एक मुलगा प्रेषितांनी आपल्या घरी नेला, ते हजरत अली. दुसरा अब्बास यांनी नेला, ते जाफर. बाकीची मुले बापापाशीच राहिली. येथे बाप जिवंत होता, त्याची अब्रू शाबूत होती, मदत मागण्यासाठी त्याला कोणाच्या दारी जावे लागले नाही. नातेवाईक त्याच्या दारी आले, आणि मुले गेली ती रक्ताच्या नात्याच्या घरी, त्याच गावात.

हिजरी ३ मध्ये, म्हणजे इ. स. ६२५ साली, उहुदच्या लढाईत सुमारे ७० मुसलमान शहीद झाले. मदीना ही तेव्हा लहान वस्ती होती. एवढ्या घरांतला कर्ता पुरुष एका दिवसात गेला म्हणजे काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. सूरे निसाच्या आरंभी यतीमांच्या मालमत्तेविषयी जे कडक हुकूम आहेत, त्यांचा संबंध मुफस्सिरांनी याच काळाशी जोडला आहे. त्या मुलांचा माल त्यांना द्या, आपल्या मालात मिसळून खाऊ नका, असा त्यांचा आशय. मदीनेत या मुलांसाठी वेगळी इमारत उठली नाही. मुले घरांतच राहिली, आणि विधवांचे निकाह झाले. उम्मे सलमा यांचे पती अबू सलमा उहुदच्या जखमेने पुढे वारले. प्रेषितांकडून निकाहचा पैगाम आला तेव्हा त्यांनी जी अडचण सांगितली तीत आपली लहान मुले ही एक होती. ती मुले त्यांच्याबरोबर प्रेषितांच्या घरी आली आणि तेथेच वाढली. आपल्याकडे आज विधवेचा दुसरा निकाह ठरला म्हणजे पहिली बोली काय होते? मुलांना कोठेतरी 'लावून द्या' अशी. ते 'कोठेतरी' म्हणजे बहुधा दूरच्या जिल्ह्यातला यतीमखाना.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत बैतुल मालमधून लोकांना वजीफे देण्याची व्यवस्था बसली. त्यांचा पाठीवर पिठाचे पोते वाहिल्याचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. दुसरा एक प्रसंग मला त्याहून मोलाचा वाटतो. मदीनेबाहेर एक काफिला उतरला होता. त्याच्या राखणीसाठी हजरत उमर अब्दुर्रहमान बिन औफ यांना घेऊन रात्री गेले. एक तान्हे मूल सारखे रडत होते. त्यांनी आईला एकदा सांगितले, दुसऱ्यांदा सांगितले, की मुलाकडे लक्ष दे. तिसऱ्या खेपेस त्यांनी तिला दोषच दिला. ती बाई त्यांना ओळखत नव्हती. ती म्हणाली की मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध पिणाऱ्या मुलाला वजीफा देत नाही, दूध सुटलेल्यालाच देतो. मुलाचे वय अवघे काही महिन्यांचे होते. त्या सकाळी फज्रच्या नमाजात खलीफांचे रडणे आवरेना, असे रावी सांगतात. आपल्या नियमामुळे किती मुलांचे हाल झाले असतील याचे त्यांना दुःख झाले, आणि त्यांनी दवंडी पिटविली की यापुढे मूल जन्मताच त्याचा वजीफा सुरू होईल, कोणी घाईने दूध तोडू नये.

या प्रसंगातील बाई वाईट आई नव्हती. गरज आणि सरकारी नियम यांच्या कात्रीत ती सापडली होती. हजरत उमर यांनी मूल तिच्याकडून काढून घेतले नाही, तिला शिक्षा केली नाही. चुकला होता तो नियम, म्हणून त्यांनी नियम बदलला. मुलांच्या कल्याणाचे कायदे करणाऱ्या जगातल्या मोठमोठ्या मंडळींना या जागी पोहोचायला पुढे बारा-तेराशे वर्षे लागली.

पुढील काळात ही रीत वक्फमधून चालू राहिली. मामलूक सुलतानांच्या काळात कैरो शहरात दानशूर लोकांनी यतीमांसाठी मकतब काढले. खाली पाणपोई आणि वर मकतब अशा त्या इमारतींपैकी काही आजही उभ्या आहेत. मुलगा सकाळी मकतबात यायचा, कुराण व लिहिणे शिकायचा, आणि वक्फातून त्याला भाकरी, वर्षाचे कपडे व थोडी रोकड मिळायची. रात्री झोपायला तो आईकडे जायचा. त्याला मिळालेली भाकरी घरात वाटली जात असणार हे वक्फ करणाऱ्यास का कळत नव्हते? आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने पूर्वज शोधायचाच झाला तर तो येथे शोधावा.

आता आपल्या मुलखाकडे वळू. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात निराधार मुलांसाठी जो पहिला कायदा झाला तो १८५० चा. अनाथ व गरीब मुलांना धंदा शिकण्यासाठी उस्तादाकडे बांधून देण्याची सोय त्यात होती. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. दोन्हीकडे विचार एकच होता: गरिबाचे मूल मोकळे फिरले तर बिघडेल, म्हणून त्याला कोठेतरी बांधावे.

मग आला १८९९-१९०० चा दुष्काळ. गुजरात-मारवाडात त्याला 'छप्पनिया' म्हणतात, कारण ते विक्रम संवत १९५६ होते. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता; पूर्व व पश्चिम असे त्याचे तुकडे १९०६ साली पडले. पिंपळनेर हे तेव्हा एका तालुक्याचे नाव होते. पश्चिमेला डोंगरपट्टी, भिल्ल-कोकणी पाडे, पांझरेच्या काठची थोडी बागायत, आणि गावात हातावर पोट असलेले कारागीर. अशा मुलखात पाऊस गेला म्हणजे आधी मजुरी जाते आणि मग धान्य. सरकारने दुष्काळी कामे काढली, पण मजुरी पोटापुरती आणि तीही काम मोजून. इलाख्यातील दुष्काळी छावण्यांत पटकीची साथ शिरली. आईबाप कामावर गेले आणि परत आले नाहीत, अशी मुले रस्त्यांवर दिसू लागली.

या मुलांना उचलले कोणी? सर्वांत तत्पर होत्या मिशनरी संस्था. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळी भागांतल्या शेकडो मुली आणल्या. त्यांनी प्राण वाचविले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. पण त्यातून सर्व समाजांत एक धास्ती उत्पन्न झाली की आपली मुले परधर्मात जातील. आर्य समाजाने अनाथालये काढली. मुसलमानांत लाहोरच्या अंजुमन हिमायते इस्लामने, जिची स्थापना १८८४ ची, यतीमखाना चालविला, आणि तोच नमुना पुढे देशभर गेला. आपले यतीमखाने अशा रीतीने बऱ्याच अंशी भीतीतून जन्मले. मूल कोणत्या धर्माच्या छपराखाली झोपते यावर भांडण झाले. ते आईच्या छपराखाली का झोपू नये, हे विचारायचे राहून गेले. त्या काळच्या माणसांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे मरणारी मुले होती. पण दुष्काळ सरला, आणि इमारती तशाच राहिल्या. आणि इमारत उभी राहिली की तिला मुले लागतात.

याउलट १९७२ चा दुष्काळ पाहा. तो आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी भोगला आहे. तांबडी मिलो ज्वारी आणि मुलांना वाटलेली सुकडी यांच्या गोष्टी मुलांनी त्यांच्याकडून ऐकाव्यात. विहिरी आटल्या, जनावरे गेली. परंतु १९०० मध्ये दिसले ते या खेपेस दिसले नाही: बेवारस मुलांचे तांडे निघाले नाहीत आणि दुष्काळी अनाथगृहांची रांग उभी राहिली नाही. याची कारणे अनेक आहेत. त्यातले मोठे कारण असे की मे १९७३ च्या सुमारास राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात आठवड्याची मजुरी पडत होती. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या रोजगार हमीचा प्रयोग केला होता, तिचा पुढे १९७७ साली कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. रोजगार हमीला कोणी बालकल्याणाची योजना म्हणत नाही. माझ्या मते खानदेशात जेवढी मुले तिने आईजवळ राखली तेवढी कोणत्याही बालगृहाने राखली नसतील.

परदेशांतही हाच धडा उशिरा शिकला गेला. अमेरिकेत १९०९ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निराश्रित मुलांविषयी परिषद बोलाविली. केवळ गरिबीपायी मूल घरातून काढू नये, असा तिचा निष्कर्ष होता. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, इलिनॉय राज्याने विधवा व निराधार मातांना मुलांसाठी पैसे देण्याचा कायदा केला. १९५१ मध्ये जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टराने जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, लहान मूल आईपासून दीर्घकाळ तुटले तर त्याच्या मनावर काय परिणाम होतो, हे मांडले. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक सूत्रांत तर, केवळ आर्थिक दारिद्र्य हे मूल कुटुंबातून काढण्याचे कारण कधीच असू नये, असे आले आहे. मदीनेच्या त्या रात्रीची गोष्ट यातील किती जणांना ठाऊक होती कोण जाणे.

मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा १९२४ साली झाला. त्यापाठोपाठ १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. तिचे डोंगरीचे रिमांड होम मुंबईला नोकरी-धंद्यासाठी गेलेल्या आपल्या लोकांना नावाने तरी माहीत असते. १९४८ चा, १९८६ चा, २००० चा असे कायदे येत गेले, आणि आज २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. त्यात मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, असे तत्त्व स्पष्ट घातले आहे. ५ मे २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व बालगृहांची नोंदणी त्या वर्षअखेरपर्यंत करण्यास सांगितले. तेव्हा आपल्या समाजात काही ठिकाणी कुरकुर झाली की सरकार आमच्या यतीमखान्यांत हात घालते. मला ती कुरकुर पटली नाही. मुलाचे नाव, गाव आणि घरी कोण आहे एवढे जर एखादी संस्था नोंदवू शकत नसेल, तर ते मूल उद्या आपल्या आईला शोधणार कसे?

कायद्यापेक्षा आईच्या उपयोगाचे ठरले ते घरपोच साहाय्य. १९८० मध्ये बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, अपंग, निराधार यांना महिन्याच्या महिन्याला रोख रक्कम देण्याची ही कल्पना तेव्हा अनेकांना उधळपट्टी वाटली होती. ती आजही चालू आहे. ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने बालसंगोपन योजनेला आजचे रूप आले. आई किंवा बाप गेलेले, किंवा घर सांभाळू न शकणाऱ्या पालकांचे मूल संस्थेत न ठेवता कुटुंबातच वाढावे म्हणून तिच्यातून मुलामागे दरमहा ४२५ रुपये मिळत. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, ही रक्कम १,१०० झाली, आणि २०२३ मध्ये २,२५०. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. रक्कम अपुरी आहे हे खरे. पण शाळेत जाणारी दोन मुले असलेल्या विधवेला त्यातून किराणा येतो, आणि मोठा मुलगा गॅरेजवर जायचा वाचतो.

पिंपळनेर-साक्रीकडील माणसे दिवाळी झाली की कोयता घेऊन बारडोली, सुरतकडे जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात तेथील साखर कारखान्यांवरच्या या तोडकऱ्यांचा अभ्यास केला. तिकडे त्यांना 'खानदेशी' म्हणूनच ओळखतात. यांत बहुतेक आदिवासी बांधव आहेत. त्यांच्या मुलांपुढे दोनच वाटा होत्या: उसाच्या फडात जाणे, नाहीतर दूरच्या वसतिगृहात. तिसरी वाट हंगामी वसतिगृहाची निघाली. मूल आजीजवळ गावातच राहते, जेवण शाळेत मिळते, आणि आईबाप परतेपर्यंत शाळा बुडत नाही. कैरोच्या मकतबाचीच ही रीत म्हणायची.

आपल्या मोहल्ल्यात मात्र घर मोडण्याची वेळ वेगळी असते. ती इद्दतीची. नवरा गेल्यावर विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. हमाली करणारा, हातगाडी लावणारा, ट्रकवर क्लीनर असलेला माणूस गेला तर त्या १३० दिवसांत घरात दमडी येत नाही. हनफी फिकहमध्ये विधवेला गरजेसाठी दिवसा बाहेर पडण्याची मुभा आहे, पण रूढी ती मुभा देत नाही. चाळीसाव्यापर्यंत नातेवाईक डबे पाठवितात, पुढे डबे थांबतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थोरल्या मुलाचे नाव शाळेतून निघते आणि मधल्यासाठी कोणीतरी यतीमखान्याचा पत्ता आणून देतो. चार माणसांच्या घराला १३० दिवस ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल आणि घरभाडे किती लागेल याचा हिशेब जमातीने एकदा मांडून पाहावा. एका वलीम्याच्या जेवणावळीपेक्षा तो कमी निघेल.

रमजानमध्ये दूरदूरचे सफीर गावात येतात. त्यांच्याजवळ पावतीपुस्तक असते, तस्दीकनामा असतो, इमारतीचा फोटो असतो. आपण जकात देतो, आणि ती रास्त ठिकाणी जाते असे मानू. मागच्या गल्लीतल्या विधवेजवळ पावतीपुस्तक नसते. ती हक्काची मुस्तहिक असली तरी तोंड उघडत नाही. ज्या मुलाच्या नावाने आपण हे पैसे शंभर कोसांवर पाठवितो, ते मूल कधी कधी आपल्याच गल्लीतून तेथे गेलेले असते.

वडिलधाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार घरांत भांडणे लावते. मुलगा बापाच्या हयातीत वारला तर आपल्या फिकहप्रमाणे, दुसरा मुलगा हयात असताना, नातवाला आजोबांचा वारसा मिळत नाही. इजिप्तने १९४६ मध्ये आणि पाकिस्तानने १९६१ मध्ये यावर कायद्याने तोड काढली. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण वसीयतची वाट उघडी आहे. वारस नसलेल्या अशा नातवासाठी आजोबा आपल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकतात. एवढा एक कागद वेळीच झाला तर सुनेला मुलांसह घर सोडावे लागत नाही. कागद झाला नाही, तर चुलत्याची नियत हाच त्या मुलांचा कायदा.

यतीमखाने बंद करा असे मी म्हणत नाही. ज्याला खरोखरच कोणी नाही, किंवा ज्याला घरातच मारहाण व धोका आहे, अशा मुलाला चांगल्या संस्थेचा आसरा हवाच. प्रश्न फक्त दाराशी विचारण्याचा आहे: या मुलाची आई आहे का, आणि तिला काय कमी पडते?

बालसंगोपनाचा अर्ज धुळ्याला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो आणि बालकल्याण समिती त्यावर आदेश देते. इद्दतीत बसलेल्या बाईने साक्रीवरून धुळ्याला खेपा घालाव्यात ही अपेक्षा धरता येत नाही. ते काम मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी करावे. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत देते, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो, रेशनकार्ड व आधारकार्ड घरात असते, आणि शाळेचा बोनाफाईड आपल्याच शाळेच्या कार्यालयात मिळतो.